डागडुजी आणि अस्सलपणा

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणारे लिओ फेंडर दुसऱ्या महायुद्धानंतर गिटार आणि गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर बनवू लागले. त्यांच्या कारखान्यातून १९६३ साली ‘डिलक्स रिव्हर्ब’ नावाचा अ‍ॅम्प्लिफायर बाहेर पडला. काळ्या रेक्झिनने मढवलेले लाकडी खोके, दर्शनी बाजूला चंदेरी धाग्याचे कापड, आत बारा इंची एकच स्पीकर, नऊ व्हॉल्व्ह आणि ताकद जेमतेम २२ वॅट. साठ वर्षे उलटून गेली तरी स्टुडिओत गिटार ध्वनिमुद्रित करायची वेळ आली की वादक अजून हे खोके मागतात. त्यामुळे त्या काळातला एखादा डिलक्स रिव्हर्ब जुन्या बाजारात किंवा कुणाच्या माळ्यावर सापडला, की त्याचे काय करायचे यावर हमखास वाद होतो. एक पक्ष म्हणतो, आतल्या एकाही टाक्याला हात लावू नका, अस्सल वस्तू आहे. दुसरा म्हणतो, सगळे जुने भाग उपटून काढा आणि नवे बसवा, म्हणजे पुढची वीस वर्षे काळजी नको. दोन्ही पक्ष आत काय चालले आहे हे न मोजताच निर्णय घेतात, आणि माझा दोघांनाही विरोध आहे तो याच कारणासाठी. अ‍ॅम्प्लिफायरमधले काही भाग त्यांच्या घडणीमुळेच ठरावीक वर्षांत मरतात, तर काही भाग नीट वापरले तर शंभर वर्षेही टिकू शकतील. हा फरक साध्या मल्टिमीटरवर वाचता येतो. जे मेले ते बदलायचे आणि जे जिवंत आहे ते तसेच ठेवायचे, एवढ्यावर जुन्या यंत्राचा अस्सलपणा टिकतो.

आधी थोडे आतल्या रचनेविषयी. ज्यांच्या घरी कधीकाळी मर्फी किंवा फिलिप्सचा व्हॉल्व्हवाला रेडिओ होता, त्यांना हे तंत्र अनोळखी वाटणार नाही. बटण दाबल्यावर आवाज यायला काही क्षण लागायचे, कारण आतली तार तापून कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटल्याशिवाय काम सुरू होत नसे. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही तेच घडते. तापलेल्या कॅथोडपासून प्लेटकडे इलेक्ट्रॉनांचा प्रवाह जातो आणि वाटेतल्या ग्रिड नावाच्या जाळीवर गिटारचा क्षीण संकेत दिला, की तो प्रवाह त्या संकेताच्या तालावर कमीजास्त होतो. डिलक्स रिव्हर्बच्या मूळ आराखड्यात शेवटच्या दोन ‘६ व्ही ६’ व्हॉल्व्हच्या प्लेटवर ४१५ व्होल्ट आणि ग्रिडवर उणे ३५ व्होल्ट लिहिलेले आहेत. ग्रिडवरचा हा उणे दाब म्हणजे प्रवाहाला घातलेला लगाम. तो सैल झाला की व्हॉल्व्ह बेफाम तापतो. पुढच्या सगळ्या चर्चेत हे दोन आकडे पुन्हा पुन्हा येतील.

मरणाऱ्या भागांत पहिला मान इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचा. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची गुंडाळी, पत्र्यावर ऑक्साइडचा सूक्ष्म थर आणि मधल्या कागदात मुरवलेले रसायन, अशी त्याची घडण. म्हणजे हा भाग जितका विजेचा, तितकाच रसायनाचा. कागदातला ओलावा वर्षानुवर्षे हळूहळू उडून जातो. त्यात यंत्र बंद पडून राहिले, तर ऑक्साइडचा थरही क्षीण होतो आणि कॅपॅसिटरमधून वीज गळू लागते. म्हणूनच ‘तीस वर्षे कुणी चालू केला नाही, अगदी जसाच्या तसा आहे’ ही विक्रेत्याची जाहिरात खरे तर धोक्याची सूचना समजावी. नेमाने वाजवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा असा पडून राहिलेला नग अनेकदा वाईट अवस्थेत असतो. सुरुवातीला फक्त स्पीकरमधून घुमणारी घरघर वाढते आणि स्वरांच्या मागे एक नकोसा बेसूर सूर उमटू लागतो. पुढे एखाद्या दिवशी कॅपॅसिटर पूर्ण शॉर्ट होतो आणि त्याचा भार रेक्टिफायर व्हॉल्व्हवर व मुख्य ट्रान्सफॉर्मरवर पडतो. इथे ‘हात लावू नका’ या पक्षाचे गणित चुकते. साठ वर्षांपूर्वी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर जळाला, तर तसाच दुसरा मिळत नाही. कॅपॅसिटर मात्र आजही त्याच मूल्याचा, त्याच दाबाचा, काही रुपयांत किंवा काही डॉलरांत मिळतो. जो भाग मरणारच होता तो जपण्याच्या नादात जो टिकणार होता तो गमावणे, याला जतन कसे म्हणायचे?

यावर काही जाणकार म्हणतात, की विजेचा दाब हळूहळू वाढवत नेला तर जुना ऑक्साइडचा थर पुन्हा तयार होतो, कॅपॅसिटर बदलायची गरज नाही. प्रयोगशाळेत डिमरस्टॅटवर हा प्रयोग करता येतो आणि कधीकधी तो साधतोही. पण डिलक्स रिव्हर्बमध्ये एसीचे डीसी करायला ‘जीझेड ३४’ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह आहे. दाब कमी ठेवला तर त्याची तारच पुरेशी तापत नाही, म्हणून पुढे कॅपॅसिटरपर्यंत काही पोचत नाही. ती तापू लागली की दाब एकदम चढतो. हळूहळू असे काही राहतच नाही. शिवाय थर पुन्हा जमला तरी उडून गेलेला ओलावा परत येत नाही. अशा यंत्राला पहिल्यांदा वीज देताना आपल्याकडचे वायरमन वापरतात तो सिरीज बल्ब जास्त भरवशाचा. जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब अ‍ॅम्प्लिफायरशी सिरीजमध्ये जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो. सगळे ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. सोपे, स्वस्त आणि अनेक ट्रान्सफॉर्मर वाचवणारे साधन आहे हे. मात्र एक इशारा द्यायलाच हवा. प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते. ती रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय आणि मीटरवर शून्य पाहिल्याशिवाय आत बोट घालू नये. हे ज्याला सवयीचे नाही त्याने झाकण उघडूच नये. जाणत्या माणसाकडे द्यावे.

आता दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे ‘उघडलाच आहे तर सगळे बदलून टाकू’ म्हणणाऱ्यांकडे वळू. या मताचा कस लागतो तो कपलिंग कॅपॅसिटरपाशी. हा कॅपॅसिटर आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा दोनेकशे व्होल्टचा डीसी दाब अडवतो आणि फक्त गिटारचा संकेत पुढच्या ग्रिडकडे जाऊ देतो. तो गळका निघाला तर काय होते ते नीट पाहण्याजोगे आहे. शेवटचे दोन्ही ‘६ व्ही ६’ काढून घ्यायचे, यंत्र चालू करायचे आणि दोन्ही सॉकेटच्या ग्रिडवर दाब मोजायचा. दोन्हीकडे एकसारखा, उणे ३५ च्या आसपास आकडा हवा. समजा, एकीकडे उणे ३५ दिसले आणि दुसरीकडे उणे २९. सहा व्होल्टचा हा फरक कानाला ऐकू येणार नाही, पण व्हॉल्व्ह परत बसवला की लगाम सैल झालेल्या त्या बाजूचा प्रवाह वाढतो, आणि गळती वाढत गेली तर एक दिवस काचेच्या आत प्लेट लालभडक होते. दोष कपलिंग कॅपॅसिटरचाच असेल असे इथे वाटते. पण लगेच निकाल द्यायचा नाही. यंत्र बंद करून, साठलेली वीज उतरवून, कॅपॅसिटरचे ग्रिडकडचे टोक सोल्डर वितळवून उचलायचे आणि पुन्हा मोजायचे. आकडा उणे ३५ वर आला तर कॅपॅसिटर दोषी. तिथेच राहिला तर कॅपॅसिटर निर्दोष, आणि संशय ज्यावर सगळे भाग बसवले आहेत त्या काळ्या फायबरच्या पाटीवर किंवा सॉकेटवर जातो. मेण लावलेली ही पाटी वर्षानुवर्षे हवेतला ओलावा शोषते आणि जिने वीज अडवायची तीच थोडीथोडी वीज वाहू लागते. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत राहिलेल्या यंत्रात ही शक्यता आधी तपासावी. अशा पाटीवर कितीही महाग नवा कॅपॅसिटर लावला तरी आकडा हलणार नाही. तिला कोरड्या उबेत वाळवावे लागते, किंवा ते टोक पाटीवरून उचलून हवेतून न्यावे लागते. सरसकट बदल करणारा कारागीर निर्दोष भाग फेकून देतो आणि खरा दोष तसाच ठेवून बिल करतो.

साठच्या दशकातल्या फेंडरमध्ये निळ्या आवरणाचे जे कपलिंग कॅपॅसिटर दिसतात, ते बहुतेक आजही धडधाकट निघतात, कारण त्यात प्लॅस्टिकची फिल्म आहे, सुकण्याजोगे काही नाही. पन्नासच्या दशकातल्या अ‍ॅम्प्लिफायरमधले कागद-मेणाचे कॅपॅसिटर मात्र पुष्कळदा गळके सापडतात. म्हणजे एकाच कंपनीच्या दहा वर्षांच्या अंतराच्या दोन यंत्रांना एकच नुस्खा चालत नाही. कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरचेही तसेच. वय आणि ओलावा यांनी त्यांचे मूल्य वाढत जाते. पण मुळातच ते दहा टक्के इकडेतिकडे असू शकतील असे धरून बनवलेले होते. एक लाख ओहमचा रेझिस्टर एक लाख दहा हजार झाला म्हणून कुणाचे बिघडत नाही. एखादा रेझिस्टर तळणीसारखा चरचरू लागला किंवा मूल्य पार भलतीकडे गेले, तर तेवढा बदलावा. या जुन्या रेझिस्टरमध्ये काही जादू आहे असा समजही मला पटत नाही. त्यांना वाचवायचे ते जादूसाठी नाही, तर काम करत आहेत म्हणून.

बदलाच्या बाबतीत जिथे वाद घालायला जागाच नाही असे एक ठिकाण आहे. साठच्या दशकातल्या अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायरला दोन पिनांची वायर असे, अर्थिंग नसे. घरघर कमी व्हावी म्हणून विजेच्या एका तारेपासून यंत्राच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत एक लहान कॅपॅसिटर लावलेला असे. दुरुस्ती करणारे त्याला सरळ ‘डेथ कॅप’ म्हणतात. ०.०४७ मायक्रोफॅरडचा हा कॅपॅसिटर ठणठणीत असतानाही १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर त्यातून सुमारे दोन मिलिअँपिअर प्रवाह जातो. ओठ मायक्रोफोनला लागले की झिणझिणी येते ती यामुळे. तो शॉर्ट झाला तर अख्खी मेन लाइन गिटारच्या तारांवर येते आणि तारांवर वादकाची बोटे असतात. अर्थिंगची हेळसांड किती महागात पडते याचे उदाहरण म्हणजे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचे गिटारवादक लेस हार्वी. मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी शहरात, रंगमंचावरच, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनचा धक्का बसून त्यांचा मृत्यू झाला. म्हणून तीन पिनांची वायर घालणे, तिची हिरवी तार सांगाड्याला पक्की जोडणे आणि तो कॅपॅसिटर काढून टाकणे, एवढे झाल्याशिवाय जुना अ‍ॅम्प्लिफायर कुणाच्या हाती देऊ नये. मूळपणाचा कितीही आग्रह असला तरी.

संग्राहकांची खरी हरकत किमतीची असते, आणि ती निराधार नाही. जुन्या वस्तूत किती भाग मूळ आहेत यावर भाव ठरतो. पण बाजारातही कॅपॅसिटर आणि वायर बदलणे ही नेहमीची देखभाल मानली जाते. भाव पडतो तो ट्रान्सफॉर्मर किंवा स्पीकर बदलल्याने, सांगाड्याला नवी भोके पाडल्याने, रेक्झिन उपटून नवे चढवल्याने. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून यंत्रासोबत द्यावा, काय कधी बदलले याची चिठ्ठी आत ठेवावी आणि जे करू ते उद्या कुणाला उलटवता येईल असे करावे. मूळ भाग कोणते हे ओळखणेही शक्य आहे, कारण त्यांच्यावर कारखान्याचे सांकेतिक आकडे असतात. ट्रान्सफॉर्मरवर ६०६ असेल तर तो शूमाकर कंपनीचा, स्पीकरवर २२० असेल तर जेन्सनचा, ४६५ असेल तर ऑक्सफर्डचा, आवाजाच्या बटणामागे १३७ असेल तर सीटीएसचा. पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात. जेन्सनच्या स्पीकरवर २२०५४२ असेल, तर पाच हे वर्ष आणि बेचाळिसावा आठवडा. वर्ष एकाच आकड्यात असल्याने ते १९५५ की १९६५ हे बाकीच्या भागांवरून ताडून घ्यावे लागते. हे आकडे पुसले किंवा भाग फेकले, की यंत्राचा जन्मदाखला गेला. सरसकट बदलाला माझा विरोध असण्याचे हेही एक कारण.

तारखांचे वेड मात्र हद्दीत राहिलेले बरे. जानेवारी १९६५ मध्ये फेंडर यांनी कंपनी सीबीएसला एक कोटी तीस लाख डॉलरना विकली आणि तेव्हापासून ‘विक्रीआधीचा’ नग म्हणजे सोने अशी समजूत आहे. पण डिलक्स रिव्हर्बचा ‘एबी ७६३’ हा आराखडा विक्रीनंतरही चालू राहिला. १९६४ आणि १९६६ सालच्या दोन नगांत ऐकू येणारा फरक स्पीकर, व्हॉल्व्ह आणि दुरुस्तीच्या दर्जामुळे असतो, मालक बदलल्यामुळे नसतो.

आवाजाबद्दलही बऱ्याच ऐकीव गोष्टी फिरतात. रसेल हॅम यांनी १९७३ साली ‘जर्नल ऑफ द ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी’मध्ये व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांच्या आवाजातला फरक मोजून दाखवणारा निबंध लिहिला. ताकदीच्या मर्यादेपलीकडे ढकलल्यावर दोघांत निर्माण होणारे उपस्वर वेगळे असतात, हा त्याचा गाभा. त्यातून ‘व्हॉल्व्ह म्हणजे सम उपस्वर, म्हणून गोड’ असे सुटसुटीत सूत्र लोकांनी काढले. डिलक्स रिव्हर्बच्या शेवटच्या टप्प्यात मात्र दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने ढकल-ओढ करतात आणि अशा जोडणीत त्या टप्प्यातले सम उपस्वर बरेचसे एकमेकांना खोडतात. मग आवाजाचा लाडका गुण येतो कुठून? पुष्कळसा वीजपुरवठ्याच्या ढिलाईतून. जोरात तार छेडली की रेक्टिफायर आणि ट्रान्सफॉर्मर क्षणभर दमतात, दाब खाली येतो आणि सुराचे टोक मऊ होऊन मग फुलते. म्हणून कॅपॅसिटर बदलताना ‘मोठा तो चांगला’ म्हणून १६ मायक्रोफॅरडच्या जागी ८० किंवा १०० बसवणारा सुधारक दोनदा चुकतो. एक तर ती ढिलाई कमी होते. दुसरे, जीझेड ३४ च्या पुस्तिकेत पहिल्या कॅपॅसिटरला ६० मायक्रोफॅरडची मर्यादा दिलेली आहे. त्यापुढे व्हॉल्व्हच्या जिवावर बेतते. आराखड्यातले मूल्य हेच इथे खरे मूळ.

सर्वांत कठीण हरकत शेवटची. फेंडरनेच २०१९ साली ‘टोन मास्टर’ नावाने व्हॉल्व्हविना, संगणकीय पद्धतीने हाच आवाज देणारा हलका डिलक्स रिव्हर्ब बाजारात आणला. मग जुन्या खटाऱ्यावर कष्ट कशाला? रोज खांद्यावर अ‍ॅम्प्लिफायर वाहून नेणाऱ्या वादकाने तो घ्यावा, यात मला काही गैर दिसत नाही. पण त्याच्या असण्याने अस्तित्वात असलेले जुने यंत्र भंगारात जायला हवे, हे सिद्ध होत नाही. जुन्यातला प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, प्रत्येक टाका सोल्डरने उघडतो, आराखडा कुणालाही वाचता येतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत फिरणाऱ्या माणसाला त्याचे बरेचसे सुटे भाग आजही ओळखीचे वाटतील. प्रोसेसरची चिप कंपनीने बनवायची थांबवली की नव्याचे काय करणार? अर्थात व्हॉल्व्हच्या पुरवठ्याची चिंता जुन्यालाही आहेच. एके काळी आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह बनत. आता जगभरचा पुरवठा मुख्यतः रशियातले सारातोव, स्लोव्हाकियातले चादत्सा आणि चीन एवढ्यांवर तगून आहे. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाने निर्यात रोखली तेव्हा दुकाने बघता बघता रिकामी झाली होती. त्यामुळे चालू असलेला जुना व्हॉल्व्ह केवळ जुना आहे म्हणून फेकू नये. तोही मोजावा. नवा बसवला तर ग्रिडचा दाब नव्याने जुळवावा, कारण लिओ फेंडर यांनी ६ व्ही ६ ला ४१५ व्होल्ट दिले आणि उत्पादकांच्या पुस्तिकेतली मर्यादा त्याहून बरीच खाली होती. तेव्हाचे व्हॉल्व्ह हे सोसत, आजचे सगळे सोसतातच असे नाही.

भारतात असा नग आणणाऱ्याला आणखी एक पेच सोडवावा लागतो. अमेरिकेतल्या विक्रीसाठीचा ट्रान्सफॉर्मर ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला होता, आपली वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरतात, हर्ट्झ मात्र तेच राहतात, आणि त्याच दाबावर लोखंडाच्या गाभ्यातला चुंबकीय भार वीस टक्के वाढतो. मूळ ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. १२० ऐवजी ११० किंवा १०५ व्होल्ट द्यावेत, तासभर वाजवून ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून पाहावा. हात ठेववत नसेल, तर इतका वेळ ज्याच्यासाठी भांडलो तोच भाग मी काढायला सांगेन. ५० हर्ट्झसाठी नवा गुंडाळून घ्यावा, जुन्या भोकांतच बसवावा आणि ६०६ आकड्याचा मूळ ट्रान्सफॉर्मर कोरड्या डब्यात, चिठ्ठीसकट ठेवून द्यावा. तिथे तो जळणार नाही.